जोर कुठे द्यायचा

काही वर्षांपूर्वी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीने मला एका माणसासाठी बोलावलं. मूळचा परभणी जिल्ह्यातला, अनुभवी, कामात पक्का. पण अमेरिकेतल्या क्लायंटच्या कॉलवर त्याला बसवलं की तिकडून नाराजी यायची. त्याच्या अप्रेझलमध्ये लागोपाठ 'ॲक्सेंट इश्यू' एवढीच नोंद होती आणि त्या दोन शब्दांपाशी त्याची बढती अडली होती. मी त्याला म्हटलं, आधी तुमच्या कॉलची रेकॉर्डिंग ऐकू.

एका कॉलमध्ये पलीकडची बाई विचारते, हे काम शुक्रवारपर्यंत होईल का? हा सांगतो, 'आय कॅन डू इट बाय फ्रायडे.' पलीकडे थोडी शांतता. मग ती विचारते, बरं, मग कधी जमेल? हा गोंधळतो आणि तेच वाक्य आणखी मोठ्याने, आणखी स्पष्ट म्हणतो. यानंतर तिच्या बोलण्यातला मोकळेपणा संपतो.

अमेरिकन माणूस साध्या होकारार्थी वाक्यात 'कॅन' जवळजवळ गिळतो. 'आय कन डू इट' असं म्हणतो आणि वजन 'डू'वर टाकतो. नकार द्यायचा असेल तेव्हा मात्र वजन 'कॅन्ट'वर येतं, आणि त्यातला शेवटचा ट पुष्कळदा ऐकूही येत नाही. म्हणजे हो की नाही हे त्याचा कान ट वरून कमी आणि शब्दाच्या वजनावरून जास्त ठरवतो. आमच्या माणसाने शाळेत शिकवल्याप्रमाणे प्रत्येक शब्द पूर्ण, ठसठशीत उच्चारला. तिला नकार ऐकू आला. त्याने आवाज चढवला तेव्हा तोच नकार तिला आणखी ठामपणे ऐकू आला.

त्याच्या व्याकरणात चूक नव्हती आणि शब्दसंग्रह उत्तम होता. आम्ही काम केलं ते मोजक्या गोष्टींवर. हलके शब्द हलके ठेवायचे. 'कम्पोनंट', 'पॅरॅमिटर', 'डिव्हेलप' हे शब्द तो रोज शेकड्यांनी वापरायचा आणि तिन्हींमध्ये पहिल्या अक्षरावर जोर द्यायचा. तो दुसऱ्यावर न्यायचा. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत गल्लत होऊ नये म्हणून आकडा सांगून लगेच 'वन फाइव्ह' असं सुटं म्हणायचं. आणि वाक्य संपलं की थांबायचं. पुढे त्या टीमचे कॉल तोच चालवू लागला. त्याचं इंग्रजी ऐकून हा मराठवाड्याकडचा माणूस आहे हे मला आजही कळतं, आणि त्याने कुणाचंही काही अडत नाही.

उच्चारांच्या शिकवणीने नोकरीत खरंच फरक पडतो का, असं पालक विचारतात, कॉलेजांचे प्लेसमेंट अधिकारी विचारतात, नर्सिंगच्या मुली विचारतात. पडतो, आणि चांगला पडतो. तो पडताना मी वर्षानुवर्षं पाहिला आहे. मात्र तो ज्या शिकवणीने पडतो ती आणि बाजारात 'अमेरिकन ॲक्सेंट' म्हणून विकली जाणारी शिकवणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक न कळल्यामुळे हुशार मुलांचे पैसे जातात आणि त्याहून मोलाचा आत्मविश्वास जातो.

मी या व्यवसायात आले ते दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला, पुण्यात कॉल सेंटरं वाढत होती तेव्हा. रात्रीची शिफ्ट, दाराशी येणारी कॅब, आणि फ्लोअरवर जाण्याआधीचे काही आठवडे 'व्ही अँड ए', म्हणजे व्हॉइस अँड ॲक्सेंटचं ट्रेनिंग. तेव्हाची पद्धत अशी होती की मुलांना अमेरिकन नावं द्यायची, अमेरिकन मालिका दाखवायच्या, र गोल करून घ्यायचा, 'वॉटर'मधला ट सैल करून घ्यायचा. बोलण्यात मातृभाषेची छटा दिसली की मूल्यमापनाच्या तक्त्यावर 'एमटीआय' असा शेरा पडायचा. मदर टंग इन्फ्लुअन्स. मला तो शेरा पहिल्यापासून खटकत आला आहे. एखाद्याची आईची भाषा ही दोषांच्या यादीत लिहायची गोष्ट नव्हे.

शिवाय ती पद्धत कामाचीही नव्हती. ग्राहक शांत असेपर्यंत उसना ॲक्सेंट टिकायचा. तो चिडला, शिव्या देऊ लागला, की मुलाचं सगळं लक्ष उत्तर शोधण्यात जायचं आणि ॲक्सेंट अर्ध्या वाक्यात गळून पडायचा. मग ग्राहकाला वाटायचं, हा माणूस आपल्याला फसवतोय. पुढे कंपन्यांनाही हे दिसलं. अमेरिकन हा शब्द मागे पडला, 'न्यूट्रल ॲक्सेंट' हा शब्द आला. जगात तटस्थ ॲक्सेंट नावाचं काही नसतं हे खरं, पण त्या बदलामुळे निदान मुलांना स्वतःच्या आवाजात बोलायची मुभा मिळाली आणि आम्हा ट्रेनरांना महत्त्वाचं काय यावर वेळ घालवता आला.

महत्त्वाचं काय, याचं एक उत्तर आपल्याकडे फार पूर्वी मिळालं होतं. हैदराबादच्या ज्या संस्थेला आज आपण इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ म्हणून ओळखतो, तिथले आर. के. बन्सल यांनी भारतीयांचं इंग्रजी इतरांना कितपत कळतं याचा अभ्यास केला होता. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. न कळण्याच्या कारणांमध्ये शब्दातल्या चुकीच्या जागी पडणारा जोर हे मोठं कारण त्यांना आढळलं. वर्गात मला रोज हेच दिसतं. 'थ' नीट आला नाही तरी ऐकणारा संदर्भाने सावरून घेतो. 'फोटोग्राफ', 'फटॉग्रफी' आणि 'फोटग्रॅफिक' यांत जोर दर वेळी पुढे सरकतो; तो सरकला नाही तर ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही. कारण इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे तो जोराच्या जागेवरून शब्द हुडकतो. मराठीत शब्दातला जोर हलवून अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे वळलेलाच नसतो.

वाक्यातल्या जोराचं मात्र तसं नाही, आणि इथे मराठी माणसाकडे मोठी शिदोरी आहे. 'मीच मेल पाठवला', 'मी मेलच पाठवला', 'मी मेल पाठवलाच' यांतला फरक लातूरच्या पोराला समजावून सांगावा लागत नाही. आपण जे काम 'च'कडून करून घेतो ते इंग्रजी आवाजाकडून करून घेते. वाक्य तेच, 'आय सेंट द मेल'. 'आय'वर जोर दिला की मीच, 'सेंट'वर दिला की पाठवलाच. मी वर्गात मराठी वाक्यं देते आणि म्हणते, 'च' कुठे आहे तिथे इंग्रजीत आवाज उचला. ज्या मुलांनी आठवडाभर इंटोनेशनचे बाण काढलेले असतात आणि काही हाती लागलेलं नसतं, ती तासाभरात बरोबर बोलू लागतात. मराठीतून इंग्रजीकडे जाणारी ही वाट मला स्वतःला फार आवडते. त्या तासाला मुलांच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो पुस्तकातल्या सरावाने पडत नाही.

मराठीने दिलेली आणखी एक देणगी आहे. 'बॅट' आणि 'बेट' हे आपण वेगळे लिहितो आणि वेगळे म्हणतो; ॲ आणि ऑ ही चिन्हं आपल्या लिपीत रुळलेली आहेत. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' लिहितानाही आपण दोन वेगळी अक्षरं वापरतो, फक्त 'व्ह' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवायला शिकवावं लागतं. अडतं कुठे? 'झीरो'त. आपला झ म्हणताना जीभ वर टेकते, इंग्रजी झेडला ती टेकवायची नसते, हवा घासत जाऊ द्यायची असते. आणि शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क मध्ये. इंग्रजीत जोराच्या अक्षराच्या सुरुवातीला हे आले तर त्यांच्यासोबत हवेचा झोत निघतो. आपण तो सोडत नाही, म्हणून आपला 'पॅट' तिकडे 'बॅट' आणि 'टेन' तिकडे 'डेन' ऐकू येऊ शकतो. तोंडासमोर पातळ कागद धरायचा, 'पेन' म्हणताना तो हलला पाहिजे. एवढा एक सराव रोज पाच मिनिटं केला तरी फोनवर 'पी फॉर पीटर' सांगायची वेळ कमी येते.

खेड्यातून पुण्यात आलेल्या मुलांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. ती माझ्याकडे येतात ती आधीच दुखावलेली असतात, आणि ती जखम इंग्रजीने केलेली नसते. 'आनि', 'पानी' म्हटल्यावर हॉस्टेलवर कुणी हसलेलं असतं, ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणी नक्कल केलेली असते. मग इंग्रजीच्या वर्गात ती तोंड उघडतच नाहीत. सोलापूरकडची एक मुलगी पहिल्या दिवशी मला म्हणाली, 'मॅडम, माझं मराठीच अशुद्ध आहे, इंग्रजी कसं सुधारणार?' मी तिला सांगितलं की तिच्या मराठीला मी हात लावणार नाही, ते तिच्या घरचं आहे आणि पूर्ण आहे. इंग्रजीत ण नाहीच, तेव्हा तो प्रश्न मिटला. श आणि स मात्र वेगळे ठेवावे लागतील, कारण 'शीट' आणि 'सीट' यांत कामाचा घोटाळा होतो. कोणता उच्चार का शिकायचा आणि कोणता का नाही, याचं कारण कळल्यावर ती मुलगी भराभर शिकली. ती तेव्हा ईमेल आणि चॅटच्या कामावर होती. व्हॉइस प्रोसेसमध्ये गेली, तिथला पगार जास्त होता. मग क्वालिटी टीममध्ये गेली. आता इतरांचे कॉल ऐकून ती त्यांना शिकवते, आणि एमटीआय हा शब्द वापरत नाही.

शिकणाऱ्याला कारण सांगणं हा माझ्या मते या कामाचा निम्मा भाग आहे. तुझा उच्चार वाईट आहे, असं ऐकून कुणी काही शिकत नाही.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावरची एक गोष्ट मी जवळपास प्रत्येक वर्गात सांगते. सत्तरच्या दशकात तिथल्या कर्मचाऱ्यांच्या कॅफेटेरियात भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढायला असायच्या. त्या उद्धट आहेत अशी तक्रार होती. जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञाने त्यांचं बोलणं अभ्यासलं. मांस घेणाऱ्याला 'ग्रेव्ही हवी का' असं विचारताना इंग्रज बाई 'ग्रेव्ही?' असा सूर वर नेते. या बायका 'ग्रेव्ही' म्हणताना सूर खाली आणायच्या. त्यांच्या दृष्टीने तो साधा, सभ्य प्रश्न होता. ऐकणाऱ्याला ते 'ही घे ग्रेव्ही' असं वाटायचं. त्या बायकांनाही आपल्याशी लोक तुटक वागतात हे जाणवत होतं, कारण कळत नव्हतं. ध्वनिमुद्रण दोन्ही बाजूंना एकत्र ऐकवल्यावर दोघांनाही ते कळलं. एका शब्दाच्या सुराने नोकरीच्या जागी माणसाचा स्वभाव ठरवला जात होता. ही गोष्ट ऐकून मुलं आपापले किस्से सांगू लागतात, आणि बहुतेकांत हाच धागा असतो: मी नम्रपणे बोललो, त्यांना मी हुकूम सोडतोय असं वाटलं.

ब्रिटन किंवा आयर्लंडला जाणाऱ्या नर्सेसच्या बाबतीत तर हे सगळं थेट पेशंटच्या अंथरुणापाशी येतं. त्यांची ओईटी परीक्षा आरोग्यक्षेत्रासाठीच बेतलेली आहे. बोलण्याच्या भागात पेशंट किंवा नातेवाइकाशी संवाद करून दाखवावा लागतो आणि 'बोलणं समजतं का' हा गुण देण्याचा स्वतंत्र निकष आहे. बोलणं इंग्रजांसारखं असावं अशी तिथे अट नाही. मी त्यांच्याकडून करून घेते ते ड्यूटी बदलताना द्यायचा हँडओव्हर, औषधांची नावं आणि आकडे. 'फिफ्टीन मिलिग्रॅम, वन फाइव्ह.' आणि पलीकडच्याने ते परत म्हणून दाखवेपर्यंत पुढे जायचं नाही. वॉर्डात दहा-दहा वर्षं काढलेल्या या बायका असतात. त्यांच्या हाताला जे येतं ते तोंडाने पोहोचवता आलं की परदेशात पगाराचा बँड वाढतो, वॉर्डची जबाबदारी मिळते. तोवर त्यांच्या हाताखाली असायला हव्यात अशा मुली त्यांच्या डोक्यावर असतात.

विमानवाहतुकीनेही हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीजवळ दोन विमानं आकाशात एकमेकांवर आदळली आणि दोन्ही विमानांतले मिळून ३४९ जण गेले. त्या चौकशीत एका विमानाच्या चालकदलाच्या तोकड्या इंग्रजीचा मुद्दा पुढे आला. त्यानंतरच्या वर्षांत आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने वैमानिक आणि हवाई नियंत्रकांसाठी इंग्रजीची पातळी ठरवून दिली. उच्चारावर मातृभाषेचा ठसा असला तरी चालेल, समजण्यात तो फक्त कधीकधीच आड यावा, असा त्या किमान, म्हणजे चौथ्या पातळीचा भावार्थ आहे. याच क्षेत्रात 'थ्री'ला 'ट्री' आणि 'नाइन'ला 'नायनर' म्हणायचा संकेत आहे आणि तो इंग्रजांनाही लागू आहे. जिथे चूक परवडत नाही तिथे लोकांनी एकाचा ॲक्सेंट सगळ्यांवर लादला नाही. सगळ्यांना म्हणता येईल आणि सगळ्यांना ऐकू येईल असा उच्चार ठरवला. मला हा विचार फार न्याय्य वाटतो, आणि ऑफिसांनी तो उचलावा असं मनापासून वाटतं.

ऑफिसांत मात्र सगळा भार बोलणाऱ्यावर टाकलेला असतो. कॅनडातल्या मरी मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ साली दाखवून दिलं की ॲक्सेंट जड असणं आणि बोलणं न समजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकणाऱ्याला जड वाटलेलं बोलणंही त्याला शब्दन् शब्द कळलेलं असू शकतं. दुसरीकडे शिकागो विद्यापीठातल्या शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ कायझर यांचा २०१० सालचा प्रयोग आहे. साधी माहिती देणारी विधानं परक्या ॲक्सेंटमध्ये ऐकली तर लोकांना ती कमी खरी वाटली. ऐकायला पडलेले कष्ट लोकांनी नकळत बोलणाऱ्याच्या खात्यावर टाकले. हे वाचलं तेव्हा मला कितीतरी चेहरे आठवले. बरोबर सांगूनही ज्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही, आणि त्यांच्याच सूचना दुसऱ्या कुणी मांडल्यावर ज्या मंजूर झाल्या, अशी माणसं. त्यांना मी 'जग बदलेल तेव्हा बघू' असं सांगू शकत नाही. ऐकणाऱ्याचे कष्ट कमी करण्याचं कौशल्य त्यांच्या हाती देणं एवढं माझ्या हातात आहे, आणि ते मी देते.

अलीकडे विचारलं जातं, आता तर बोलणाऱ्याचा ॲक्सेंट जागच्या जागी बदलून पलीकडे पोहोचवणारं सॉफ्टवेअर आलंय, मग शिकायचं कशाला? भारतातल्या कॉल सेंटरांमध्ये ते वापरात आलं आहे हे खरं. रात्रभर शिव्या खाणाऱ्या मुलाला त्याने थोडा दिलासा मिळत असेल तर मला आनंदच आहे. पण ते कंपनीच्या हेडसेटमध्ये राहतं. वॉर्डात पेशंटच्या उशाशी, मुलाखतीच्या टेबलापाशी, क्लायंट पुण्यात आल्यावर जेवणाच्या वेळी ते सोबत नसतं. नोकरी सोडताना ते तिथेच ठेवून यावं लागतं. मुलीने स्वतः कमावलेला आवाज तिच्याबरोबर पुढच्या नोकरीत जातो.

हल्ली मी कंपनीचं काम घेताना पलीकडच्या टीमसाठीही एक तास मागते. शिकागोमध्ये बसलेल्या लोकांना मी सांगते की 'डबल फोर' म्हणजे दोन वेळा चार, की तारखेत आमच्याकडे दिवस आधी येतो, की बेसबॉलमधून आलेले वाक्प्रचार आम्हाला लागत नाहीत. समजलं नाही तर 'व्हॉट?' म्हणण्याऐवजी जे समजलं ते परत म्हणून दाखवा. आणि 'कॅन'बद्दल शंका आली तर सरळ विचारा, 'येस ऑर नो?' काही कंपन्या हा तास लगेच देतात. ज्या नाही म्हणतात त्यांचंही काम मी घेते, कारण इकडे बसलेल्या माणसाचं अप्रेझल एप्रिलमध्ये असतं.